मधला खांब

प्तुय गावात, द्रावा नदीच्या काठी,
तिल्का ओज्बोल्ट एकतीस वर्षं लॅटिन शिकवायची.
शेवटी वर्गात चार मुलं उरली,
त्यातला एक झोपायचा.
त्याला उठवायची नाही. इतरांना म्हणायची,
मेलेली भाषा आहे, हळू बोला.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
भोपळ्याच्या तेलाचे हिरवे डाग पडलेल्या कागदांवर
ती एका रोमन दाणेव्यापाऱ्याची पत्रं
आपल्या भाषेत आणत बसे.
त्रेचाळीस पत्रं. नाव कुणालाच माहीत नाही त्याचं.
भाव, खेचरं, ओल लागलेलं जव,
सांधेदुखी, पुन्हा भाव.
समोर बोगोमिर सलगम सोलायचा,
ॲल्युमिनियमच्या कारखान्यातून आलेला, नखं राखाडी.
लॅटिनचा गंध नाही,
पण व्यापारी कुठे खोटं बोलतोय ते नेमकं ओळखायचा.
इथे वजनात मारतोय बघ, म्हणायचा.

सतराव्या पत्रात, भावांच्या मध्येच, एक ओळ:
इन पोन्ते एरामुस.
पुलावर होतो आम्ही.
बस. पुढे परत जव.

आता अडचण सांगते.
तिच्या भाषेत द्विवचन जिवंत आहे,
बाजारात, बिछान्यात, भांडणातसुद्धा.
आपण शाळेत देवः देवौ देवाः घोकलं
आणि परीक्षा संपल्यावर मधला खांब विसरलो;
त्यांनी तो घरात ठेवला, त्यावर छप्पर आहे.
दोघं असतील तर 'मिद्वा'.
तिसरा आला की 'मी'.
(हो, मी. त्यांच्याकडे मी म्हणजे पुष्कळजण.
हे कळल्यावर मला दोन दिवस
स्वतःबद्दल नीट बोलता आलं नाही.)
लॅटिनला फरक पडत नाही. दोघं असोत, पलटण असो,
एरामुस.

तिल्काने नऊ वर्षं ती ओळ पेन्सिलीत ठेवली.
बोगोमिर म्हणाला, दोघंच गं.
गर्दी असती तर लिहिलं कशाला असतं त्याने?
ती म्हणाली, पुरावा?
तो म्हणाला, पूल.
तेवढ्यात रस्त्यावरून
मेंढीची कातडी पांघरलेले, कमरेला घंटा बांधलेले
हिवाळा हाकलणारे गेले,
खिडकीच्या काचा थरथरल्या
आणि वाद तिथेच राहिला.

पुस्तक छापलं. त्यात 'मी'.
पुष्कळजण पुलावर. शास्त्राला धरून.

बोगोमिर गेला त्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली.
प्रस्तावना तीच, नकाशा तोच,
चौथ्या पत्रातली खेचरांची संख्या दुरुस्त केलेली,
आणि सतराव्यात 'मिद्वा'.
तळटीप: पुरावा नाही.

ल्युब्लियानाहून एका प्राध्यापकाचं चार पानी पत्र आलं,
सभ्य आणि बिनतोड.
तिने पोस्टकार्ड टाकलं: आपलं म्हणणं बरोबर आहे.
तिसऱ्या आवृत्तीतही काही बदललं नाही.

मी तिला एकदाच भेटले.
ऐंशी उलटलेली, सलगम आता तीच सोलत होती,
साली जाड निघत होत्या.
विचारलं तिने, तुझ्या भाषेत कसं करशील?
म्हटलं, द्विवचन आम्ही केव्हाच गमावलं.
'दोघं' असा जादा शब्द घालावा लागेल,
पाहुण्यासाठी खुर्ची ओढावी तसा.
पण आमची वेगळीच पंचाईत आहे.
'आम्ही' म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहतो,
'आपण' म्हटलं तर तोही आत येतो.
तेव्हा मला आधी हे कळायला हवं,
व्यापाऱ्याने ते पत्र ज्याला लिहिलं
तो माणूस होता का पुलावर?

तिल्काने सुरी खाली ठेवली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, हे मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि चष्मा शोधायला उठली.
सलगम अर्धं सोललेलं
तसंच राहिलं.